जुन्या शिलाई मशीनवाल्यांची यादी

मी काय काम करते हे सांगितलं की समोरचा माणूस नम्रपणे मान डोलावतो आणि विषय बदलतो. मंडळाच्या हळदीकुंकवात मी इतकी वर्षं "कॉम्प्युटरवरचं काम आहे" एवढ्यावरच भागवलं. यंदा आपल्या अंकाच्या संपादकबाईंनी पिच्छाच पुरवला, "नक्की काय करायचीस ते एकदा लिहून दे." म्हणून लिहिते. मी पत्ते गोळा करायची. ईमेलचे पत्ते. कधी न पाहिलेल्या आणि कधी न भेटणाऱ्या माणसांचे.

कुणाला काही विकायचं असतं, कुणाला शिकवायचं असतं. त्याला ऐकणारी माणसं हवी असतात, आणि ती पुन्हा पुन्हा गाठता यावीत म्हणून त्यांचे पत्ते हवे असतात, त्यांनी राजीखुशीने दिलेले. ते मिळवण्यासाठी आम्ही इंटरनेटवरची वर्दळ विकत घ्यायचो. धंद्यात तिला ट्रॅफिक म्हणतात. बेंगळुरूत हा शब्द उच्चारला की लोक हसतात, इथे तो विकत कशाला घ्यायचा म्हणून. पण तो मिळतो, निरनिराळ्या दुकानांत, निरनिराळ्या भावाने. कुठल्या दुकानातली वर्दळ कुणाच्या कामाची, हे तोलून सांगणं हे माझं काम होतं.

बनशंकरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दुपारी जेवणं झाली की खालून भाजलेल्या पावाचा वास जिन्याने वर यायचा, खिडकीबाहेरच्या झाडाची सावली टेबलावर हलायची, आणि माझ्या पडद्यावर एकेक नाव उमटायचं. कुणी भाग्यश्री. कुणी इम्रान. कुणी नुसतंच 'एस'. त्या क्षणी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खिडकीशी बसून त्या माणसाने आपलं नाव टाइप केलेलं असायचं. मी नावाकडे बघत राहायची. तिकडेही आत्ता ऊन असेल का, असले विचार मनात यायचे. मेघना, म्हणजे आमच्या एजन्सीची मालकीण, पुण्याची, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, हसून म्हणायची, "ताई, परत गेलीस का तू?" मी परत यायची.

अशाच एका दुपारी रघुनाथअण्णा जिना चढून आले.

अण्णा सत्तरीच्या आसपासचे. घर मराठी, पण तीन पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत त्यांची एक शेड होती. तिथे ते जुन्या शिलाई मशीनचे सुटे भाग बनवायचे. शटल, बॉबिन केस, सुईखालची पट्टी. ज्या कंपन्यांनी ही मशीनं बनवली त्या बंद पडल्या किंवा त्यांनी ती मॉडेलं सोडून दिली, पण मशीनं घराघरांत राहिली. त्यांना लागणारं शटल चिकपेटच्या हार्डवेअरच्या दुकानांतून जायचं, आणि दुकानांत ते अण्णांकडून यायचं.

"आता चिकपेटवाले बाहेरचा तयार माल ठेवतात," अण्णा म्हणाले. "नव्या मशीनचा. जुन्याला कोण विचारतं, म्हणतात. मला एका गाड्यांच्या कंपनीचं काम येतंय, कायमचं. त्यांना पूर्ण शेड पाहिजे. तीन महिन्यांत हो की नाही सांगायचंय. मी हो म्हटलं की माझे साचे भंगारात जाणार."

"मग तुम्हाला काय हवंय?" मेघनाने विचारलं. "सेल्स?"

अण्णांनी थोडा विचार केला. "लोक आहेत का अजून, तेवढं बघून सांगा. जुनं मशीन चालवणारे. असले तर मी त्या कंपनीला नाही म्हणतो. नसले तर सरी, ठीक आहे, सोडून देतो."

इतक्या वर्षांत इतका सरळ प्रश्न घेऊन आमच्याकडे कुणी आलं नव्हतं.

मी कामाला लागले. अण्णांना बोलतं करून 'जुनं मशीन कसं जपावं' अशी एक छोटी पुस्तिका लिहिली. पत्ता देणाऱ्याला ती फुकट मिळणार. धंद्यात याला आमिष म्हणतात. अण्णांना तो शब्द मुळीच आवडला नाही. "माशाला लावतात ते? माणसाला भेट म्हणा अक्का," ते म्हणाले. मग आमच्या कागदांवरही भेट असंच लिहिलं गेलं.

पुस्तिकेसाठी एक पान केलं, त्यावर नाव आणि पत्ता लिहायच्या दोन चौकटी. आणि त्या पानावर तीन वाटांनी माणसं आणायची ठरवली. पहिली वाट शोधयंत्राची. कुणी 'जुन्या मशीनचं शटल' असं काही शोधलं की उत्तरांच्या वर आमची ओळ दिसणार. दुसरी वाट फोटोंच्या ॲपची. तिथे लोक काही शोधत नसतात, नुसतं अंगठ्याने वर सरकवत असतात, आणि मध्येच आमचं चित्र येतं. तिसरी वाट म्हणजे दुसऱ्याची यादी. कुणीतरी आधीच हजारो पत्ते जमवलेले असतात, आपण पैसे भरायचे आणि तो त्याच्या यादीला आपली शिफारस पाठवतो. तिन्ही वाटांच्या दुव्यांना वेगवेगळी खूण लावली, म्हणजे कोण कुठून आलं ते कळावं.

तिसऱ्या वाटेने पहिल्याच दुपारी पूर आला. नावांवर नावं. पडदा भरून वाहायला लागला. मी अण्णांना फोन केला आणि ते मेट्रोने तडक आले, शर्टाला तेलाचे डाग तसेच. माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, देवळात नामावळी वाचतात तशी. मधेच थांबून म्हणाले, "इतके लोक अक्का? इतक्या घरांत माझं शटल फिरतंय?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी पण त्या पुरात सुखाने तरंगत होते.

दोन दिवसांनी आम्ही पहिलं पत्र पाठवलं आणि सगळं लक्षात आलं. पुष्कळ पत्ते खोटेच होते, पत्रं परत आली. उरलेल्यांपैकी कुणी ते उघडलंच नाही. त्या यादीतली माणसं फुकट दिसेल त्याला पत्ता देणारी होती, आणि काही तर माणसंच नव्हती. अण्णांना सांगणं माझ्या वाट्याला आलं. "आयतु," ते म्हणाले. झालं ते झालं. मागे त्यांचा लेथ चालूच होता.

दुसऱ्या वाटेने आलेली माणसं खरी होती. आम्ही चित्र लावलं होतं ते अण्णांच्या आईच्या मशीनचं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, खिडकीतून तिरकं ऊन पडलेलं. लोकांनी त्यावर बदाम टाकले, पत्ते दिले, पत्रं उघडली. दिवसाला कितीतरी. आणि पहिली वाट? तिथून कधी दोघं यायचे, कधी एक, कधी दिवसभर कुणीच नाही. आणि तिथला एकेक माणूस आम्हाला सगळ्यात महाग पडत होता.

महिनाअखेरीस मी तक्ता केला. वाट, आलेले पत्ते, दर पत्त्यामागे खर्च, किती जणांनी पत्र उघडलं. मेघनाने एक नजर टाकली. "क्लिअर आहे ना ताई. सर्च बंद कर. सगळं बजेट फोटोंवर टाक."

"सर्चवाले कमी आहेत, पण..." मी म्हणाले.

"पण काय?"

पण काय, ते तक्त्यात नव्हतं. दुपारची वेळ होती, खालून पावाचा वास येत होता, फोटोंच्या वाटेने नावं झुळूझुळू येत होती आणि ती बघायला बरं वाटत होतं. मी पहिली वाट बंद केली. स्वतःच्या हाताने, एका क्लिकने.

फोटोंच्या वाटेने जमलेल्या त्या मोठ्या यादीलाच अण्णांनी आपलं विक्रीचं पत्र पाठवलं. कुठले भाग मिळतील, कसे मागवायचे. पत्र पुष्कळांनी उघडलं. ऑर्डरी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. अण्णांनी आणखी दोन आठवडे वाट पाहिली. मग त्यांचा फोन आला. "लोक नाहीत अक्का. तुम्ही मनापासून केलंत. उद्या मी त्या कंपनीला हो सांगतो."

हा फोन येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. काम संपलं म्हणून मी अण्णांच्या खात्याची आवराआवर करत होते. पुस्तिकेबरोबर जे पहिलं पत्र जायचं, त्याला कुणी उत्तर दिलं तर ते कुठल्या पत्त्यावर येतं, हे बघताना एक ईमेलची पेटी सापडली. मीच तयार केलेली. खातं करताना एक पत्ता द्यावाच लागतो म्हणून घाईत दिला होता आणि विसरले होते. अशा पत्रांना कुणी उत्तर देत नाही, अशी आमची समजूत होती. मी पेटी उघडली.

आत पत्रं होती. न वाचलेली, एकाखाली एक.

त्या दुपारी मी जेवले नाही. फोटोंच्या वाटेने आलेल्यांनी लिहिलं होतं, 'आमच्या आजीकडे असंच होतं, तिच्यानंतर विकलं,' 'आवाज अजून कानात आहे.' गोड पत्रं, पण त्यांच्याकडे मशीन नव्हतं, मशीनची आठवण होती. आणि पहिल्या वाटेने आलेल्या त्या थोडक्या, महागड्या माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं होतं. मॉडेल नंबर, तुटलेल्या भागाचा फोटो, फोटोत तळहात. एक निवृत्त कंडक्टर होते, बायकोचं मशीन दुरुस्त करून तिला न सांगता समोर ठेवायचं होतं त्यांना. एका आश्रमशाळेतल्या बाईंकडे अशी सात मशीनं होती. आणि दावणगेरेच्या पार्वतक्का शिंपी यांची तीन पत्रं होती, सुनेने टाइप केलेली. पहिल्यात, शटलचं टोक झिजलंय, टीप सुटते, नवं मिळेल का. दुसऱ्यात, आमचं पत्र मिळालं का. तिसऱ्यात एवढंच, 'उत्तर नाही दिलंत तरी चालेल, पण कारखाना चालू आहे ना, तेवढं कळवा.'

अण्णांनी मला विचारलं होतं, लोक आहेत का. आणि लोक तिकडून विचारत होते, कारखाना आहे का. मध्ये मी बसले होते.

मी सगळी पत्रं छापून घेतली. मेघनाला दाखवली. तिने पहिली दोन-तीन वाचली. मग म्हणाली, "हे कुठल्या कॉलममध्ये टाकायचं आपण?" ती थट्टा करत नव्हती. "तू जा ताई. आत्ता जा."

बनशंकरीहून पीण्यापर्यंत मेट्रो सरळ जाते. आधी झाडांच्या शेंड्यांवरून, मग चिकपेटला जमिनीखालून, आणि पुन्हा वर उजेडात. इतक्या वेळा केलेला तो प्रवास त्या दिवशी संपेना. मांडीवर कागदांचा गठ्ठा होता. डब्यात शेजारची बाई डुलक्या घेत होती, तिच्या ब्लाउजच्या बाहीवरची टीप मी पाहत बसले. सरळ, बारीक, एकही टाका न सुटलेली. कुणीतरी ती मारली होती, कुठल्या तरी मशीनवर. पीण्यात गाडी शेडच्या पत्र्यांवरून जाते, तिथे ढगाळ उजेडात ते सगळे पत्रे पाण्यासारखे दिसत होते.

शेडमध्ये पोचले तर अर्धी जागा रिकामी झाली होती. जमिनीवर जुन्या मशीनांचे चौकोनी ठसे, तेलाचे. अण्णा स्टुलावर बसले होते. त्यांच्याकडे पंचवीस वर्षं काम करणाऱ्या शांतम्मा एका पेटीत बॉबिन केस भरत होत्या.

मी काय घडलं ते उभ्यानेच सांगितलं. पेटी माझी होती, मी उघडली नाही, वाट मी बंद केली. काही लपवलं नाही. अण्णांनी गठ्ठा हातात घेतला, चष्मा लावला आणि वाचायला लागले. या वेळी मोठ्याने नाही. शांतम्मा येऊन त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. एकेक कागद वाचून ते दोन ढीग करत होते.

"हे बॉबिन केसवाले," शेवटी ते एका ढिगावर हात ठेवून म्हणाले. "यांचे साचे आहेत अजून. आणि हे शटलवाले." दुसऱ्या ढिगाकडे त्यांनी बोट केलं. "शटलचे सोमवारी गेले भंगारात."

"अण्णा, माझी चूक आहे."

"हो," अण्णा म्हणाले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण तुम्ही आलात. स्वल्प बसा. शांतम्मा, कॉफी."

त्या दिवसानंतर अण्णांनी कंपनीच्या माणसांशी बोलून शेडचा एक कोपरा स्वतःकडे ठेवला. एक लेथ, एक प्रेस आणि शांतम्मा. बॉबिन केस आणि पट्ट्या तिथे होऊ लागल्या. मेघनाने शोधयंत्राची वाट आमच्याच खर्चाने पुन्हा सुरू केली, मी न सांगता. उत्तरांची पेटी माझ्याकडे आली. मी रोज ती उघडायची आणि प्रत्येकाला स्वतः लिहायची. शटलवाल्यांना काय लिहायचं ते अण्णांनी सांगितलं, 'आमच्याकडून उशीर झाला, आता ते बनत नाही, माफ करा.' ही पत्रं मी एकेक करून लिहिली. नक्कल केली नाही. पार्वतक्कांचं सगळ्यात शेवटी लिहिलं.

त्यांचं उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी त्या स्वतःच आल्या.

मी त्या दिवशी पीण्यात होते. फाटकाशी रिक्षा थांबली आणि साठीच्या एक बाई उतरल्या. मोठं कुंकू, इरकलचं लुगडं, आणि छातीशी धरलेलं चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड. तान्ह्या बाळाला धरतात तसं. दावणगेरेहून त्या ते मांडीवर घेऊन बसने आल्या होत्या.

"साचा नाही म्हणून कळलं," पार्वतक्का म्हणाल्या. "म्हटलं, मशीनच दाखवावं. बनवणाऱ्याला बघून काही सुचलं तर."

अण्णांनी चादर सोडवली. शटल काढून अंगठ्याच्या नखावर फिरवलं. मग ते आत गेले आणि त्यांनी भिंतीवरच्या फळीवरचा एक पत्र्याचा डबा उतरवला. त्यात नापास झालेली शटलं होती, अर्धवट, वाकडी, कधीकाळी बाजूला टाकलेली. त्यातलं एक निवडून त्यांनी पकडीत आवळलं आणि कानस घेतली.

दुपारभर ते घासत होते. कानशीचे चार हात मारायचे, मशीनमध्ये बसवून बघायचे, काढायचे, पुन्हा दोन. शांतम्मांनी पार्वतक्कांना जेवायला वाढलं. पलीकडच्या भागात कंपनीची नवी मशीनं एका लयीत चालली होती, आणि इकडे कानशीचा तो बारीक आवाज. वरच्या काचेतून ऊन सरकत सरकत माझ्या पायाशी आलं. लोखंडाची धूळ त्यात तरंगत होती. मी फोन पाहिला नाही, काही मोजलं नाही. असं नुसतं बसून मी किती वर्षांत काही घडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या सुमारास अण्णा म्हणाले, "बघा."

पार्वतक्कांनी पिशवीतून कापडाचा तुकडा काढला. दोरा ओवला. चाकाला हात लावला. पहिले चार टाके त्यांनी हळू घातले, मग हात सुटला. टीप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. त्यांनी कापड उलटं केलं, बोट फिरवलं, आणि ते अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते शांतम्मांना दिलं, शांतम्मांनी मला.

निघताना मी पार्वतक्कांना सोडायला फाटकापर्यंत गेले. चादरीतलं मशीन आता माझ्या हातात होतं. आणि मला राहवेना. इतक्या वर्षांची सवय. त्या शोधयंत्राच्या वाटेने आल्या हे ठाऊक असूनही मी विचारलं, "अक्का, तुम्ही आमची जाहिरात कुठे पाहिलीत? सून मोबाइलवर फोटो बघत होती, की...?"

पार्वतक्का थांबल्या. त्यांना प्रश्न कळला नव्हता.

"जाहिरात?" त्या म्हणाल्या. "जाहिरात कसली? आम्ही विचारलं होतं, तुम्ही उत्तर दिलंत."

रिक्षा आली. त्यांनी मशीन माझ्याकडून घेतलं, मांडीवर नीट बसवलं, आणि रिक्षावाल्याला कन्नडमध्ये सांगितलं, सावकाश घे.